रॅमचा स्पीड ६००० ला लावला, चार दिवसांनी परत ४८००: नव्या मशीनचं हे दुखणं कुठून येतं

"दादा, ते परत अठ्ठेचाळीसशेच दाखवायलंय बघा."

सेलूच्या स्टुडिओवाल्या भाऊंचा हा तिसरा फोन. लग्नसराईच्या तोंडावर त्यांना नवं मशीन बांधून दिलं होतं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणतो) आणि १६-१६ जीबीच्या डीडीआर-५ रॅमच्या दोन पट्ट्यांची जोडी, पाकिटावर ६००० छापलेली. दुकानात मीच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगांत, एक्स्पो हा रॅमचा चढा स्पीड घ्यायचा पर्याय चालू केला, टेस्ट चालवली, विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या ६००० चा फोटो काढून त्यांना व्हॉट्सअॅपवर टाकला. मशीन परभणीहून सेलूला गेलं आणि चार दिवसांत खाली आलं. मी फोनवर एकेक बटण सांगत परत चढवून दिलं. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, आता काही हात लावू नका, मीच येतो.

नव्या मशीनच्या रॅमबद्दल लोक जेव्हा "स्पीड येईना" म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळी दुखणी असतात. एकात स्पीड मुळात कधी चढलेलाच नसतो. दुसऱ्यात चढलेला असतो, पण टिकत नाही. पहिलं पाच मिनिटांत निघतं, म्हणून ते आधी उरकू.

सगळ्यात आधी आकडा नीट वाचा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर रॅमची खरी फ्रिक्वेन्सी दाखवतं आणि डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. त्यामुळे तिथे ३००० दिसलं तर तुमची रॅम ६००० ला चालू आहे, १६०० दिसलं तर ३२०० ला. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सखाली मेमरीवर गेलात की पूर्ण आकडा दिसतो. नांदेडच्या एका पोराने हैदराबादहून आणलेली रॅम "अर्धीच चालते" म्हणून परत करायला देवगिरीचं तिकीट काढलं होतं. स्टेशनवर जाण्याआधी त्याने फोन केला म्हणून बरं.

आकडा खरंच कमी असेल तर घाबरायचं कारण नाही. पाकिटावरचे ६००० म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचं एकरी उत्पन्न. रान, पाणी, हवा सगळं जुळलं तर येतं, नुसती पिशवी फोडून येत नाही. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. तिच्यात सगळ्या उद्योगाने मिळून ठरवलेला सावध स्पीड लिहिलेला असतो. तुमच्या-माझ्या बहुतेक डीडीआर-५ पट्ट्यांत तो ४८०० किंवा ५६००, व्होल्टेज १.१. त्याच चिपमध्ये पट्टी बनवणाऱ्याने स्वतःचा चढा स्पीडही लिहून ठेवलेला असतो, ६००० च्या जोडीला बहुधा १.३५ व्होल्टचा. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना सावध स्पीडच उचलतो. चढा स्पीड तुम्ही सांगितल्याशिवाय घेत नाही.

तो सांगायचा पर्याय म्हणजे इंटेलकडे एक्सएमपी, २००७ पासूनचा, डीडीआर-३ च्या जमान्यातला. एएमडीने डीडीआर-५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणला. काही बोर्डांवर एएमडीच्या मशीनमध्ये ह्यालाच डीओसीपी म्हणतात. नाव काहीही असो, चालू करताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जायचं, प्रोफाइल १ निवडायचं आणि एफ-१० ने सेव्ह करून बाहेर यायचं.

तरीही चढत नसेल तर पट्ट्या कुठल्या खाचेत आहेत ते बघा. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. पहिल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी घातल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर बसतात आणि अर्धी ताकद वाया जाते. पट्टी बसली की 'टक्' असा आवाज येतो. नवा बोर्ड घट्ट असतो, लोक घाबरून अर्ध्यावर सोडतात.

आणि काही ठिकाणी चढणारच नाही, तिथे डोकं आपटू नका. एच४१० च्या बोर्डावर आय-५ १०४०० आणि ३२०० ची रॅम लावलीत तर २६६६ वर थांबते. तो त्या प्रोसेसरचाच आकडा आहे आणि तो बोर्ड त्याच्या पुढे जाऊ देत नाही. दोन वेगळ्या स्पीडच्या पट्ट्या लावल्यात तर दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतात. चार पट्ट्यांची हौस तर डीडीआर-५ मध्ये अजिबात करू नका. रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर एएमडी स्वतः ५२०० सांगते, चार भरल्या की ३६००. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. एवढं सांगूनही लोक १६ च्या चार घेऊन येतात, कारण दोन आधीच घरात असतात. त्याला इलाज नाही.

आता टिकत नाही त्याचं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा: ६००० वरून ४८०० वर विंडोज आणत नाही, व्हायरस आणत नाही. बोर्ड स्वतः आणतो. डीडीआर-५ वर मशीन चालू करताना बोर्ड आधी रॅमशी जुळवून घेतो. तारांतून जाणारा सिग्नल नेमका कुठल्या क्षणी पकडायचा, हे तो पुन्हापुन्हा करून बघतो. ह्याला ट्रेनिंग म्हणतात. एएम५ बोर्डावर, म्हणजे रायझन ७००० बसतो त्या जातीच्या बोर्डावर, पहिल्या वेळेला ह्यात काही मिनिटंसुद्धा जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन पूर्ण काळा राहतो. हे काम दोन-तीन वेळा अर्धवट राहिलं तर बोर्ड समजतो की वापरणाऱ्याने सांगितलेला स्पीड झेपत नाही. मग तो सगळं सावध सेटिंगवर आणून मशीन चालू करतो. तुमचं मशीन कायमचं बंद पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

त्यामुळे प्रश्न बदलतो. एक्स्पो परत कसं चालू करायचं, हे विचारून उपयोग नाही. ट्रेनिंग कोण तोडतंय ते शोधायचं. माझ्यासकट सगळे पहिल्या दोन फोनला नेमकी हीच चूक करतात, परत चालू करून देतात आणि सुटलो म्हणतात.

सेलूला सकाळच्या गाडीने गेलो. भाऊ अजून आले नव्हते, कामाला ठेवलेल्या पोराने शटर उघडलं, अगरबत्ती लावली, भिंतीवरचा बोर्ड चालू केला आणि मशीनचं बटण दाबलं. पंखे फिरले, रॅमवरचे रंगीत दिवे लागले, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मी काही बोललो नाही, स्टुलावर बसून नुसता बघत होतो. दहा सेकंद गेले, वीस गेले. पोराने बटण दाबून धरलं, मशीन बंद. परत चालू. परत काळं. परत दाबून धरलं. तिसऱ्या वेळेला थोडं थांबावं लागलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं, एफ-१ दाबा म्हणून. त्याने न वाचता एफ-१ दाबलं, पुढच्या निळ्या पानावरून एस्केप मारत बाहेर पडला आणि विंडोज आलं.

"रोज असंच करतोस का रे?"

"रोज नै सर. कधीमधी लवकर लागतंय. नाही लागलं की दोन-तीनदा दाबायचं. जुनं मशीन बी असंच करायचं, दाबलं की चालू व्हायचं."

टास्क मॅनेजर उघडलं. ४८००.

मग मी एक्स्पो परत चालू केलं, पोराला बटणापासून दोन हात लांब उभं केलं आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. बोर्डावर डीरॅम लिहिलेला बारीक दिवा पेटून राहिला. काळा स्क्रीन एक मिनिट दहा सेकंद राहिला, मग बोर्डाचं चिन्ह आलं, मग विंडोज. ६०००. मशीनमध्ये, रॅममध्ये, बोर्डात काहीही बिघाड नव्हता. दुकानात मी ते कधी तोडलं नाही, कारण मला ठाऊक होतं की थांबायचं असतं. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, ती चूक माझी.

आता नुसतं "थांबत जा" म्हणून भागत नाही. बोर्डाचं बायोस सुरुवातीच्या आवृत्तीचं होतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी नव्याने ट्रेनिंग करत होतं. नवं बायोस पेनड्राइव्हवर टाकून चढवलं. हे करताना यूपीएस हवाच. मध्ये लाइट गेली आणि बोर्डाला बायोस परत लिहायची सोय नसली तर तो बोर्ड गेला. बायोस बदललं की सगळी सेटिंगं पुसली जातात, एक्स्पोसुद्धा, तेव्हा ते परत चालू करायचं. त्यानंतर मेमरी सेटिंगच्या आत 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचा पर्याय चालू केला. त्याने बोर्ड मागच्या ट्रेनिंगचं गणित जपून ठेवतो आणि पुढच्या वेळेला तेच वापरतो. त्याच्या जवळपासच 'पॉवर डाउन' असा पर्याय असतो, तोही चालूच ठेवा. पहिला चालू आणि दुसरा बंद अशा जोडीवर पुष्कळ मशीनना निळा स्क्रीन येतो, म्हणजे विंडोज कोसळतं. एवढं केल्यावर सेलूचं मशीन बटण दाबल्यापासून वीस-बावीस सेकंदांत स्क्रीन दाखवायला लागलं. कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केल्यावर तुमच्याकडे मशीन डळमळीत झालं तर ते बंद करा आणि काळा स्क्रीन सोसा. मिनिटभर थांबल्याने कुणाचं लग्न मोडत नाही.

पोर मात्र फक्त अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं आपल्याकडच्या विजेत आहे आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी बनवलेल्या व्हिडिओत ते कधी सांगत नाहीत.

बोर्डावरचा बटणासारखा सेल घ्या, सीआर२०३२. बायोसचं घड्याळ आणि बऱ्याच बोर्डांवर सेटिंगं त्याच्या जिवावर असतात, पण भिंतीवरचा बोर्ड बंद असेल तेव्हाच. भिंतीत वीज असली की पॉवर सप्लाय पाच व्होल्ट देत राहतो आणि सेलला काही काम पडत नाही. म्हणजे ज्याच्या घरी भिंतीवरचं बटण वर्षभर चालूच असतं, त्याचा सेल मेलेला असला तरी त्याला कळत नाही. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन पाडतात, शिवाय भारनियमन आहे, वादळवारं आहे. आपला सेल रोज कामाला लागतो. बोर्ड नवा म्हणून सेल नवा असं धरू नका, तो गोदामात दोन वर्षं पडून असू शकतो. मल्टिमीटरने तीनच्या आसपास दिसायला हवं. २.७ वगैरे दिसलं तर बदलून टाका, पन्नासेक रुपयांची गोष्ट आहे.

मीटर नसेल तर दुसरी खूण आहे. रात्रभर मेन बंद ठेवा, सकाळी सरळ बायोसमध्ये जा आणि तिथली तारीख-वेळ बघा. विंडोजच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका, ते इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. बायोसमध्ये घड्याळ मागे पडलेलं असेल तर सेल गेला. सेलूच्या मशीनचं घड्याळ बरोबर होतं, म्हणून तिथे सेलचा संशय मी सोडला.

दुसरा धोका घरच्या इन्व्हर्टरचा. लाइट गेली की कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने त्याच्या आत भार उचलला तर मशीनला कळतही नाही, उशीर झाला तर धाडकन रीस्टार्ट. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक खटका असतो, त्याच्या एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं असतं. पंखे-दिव्यांसाठी लाइनमन तो नॉर्मलवर ठेवून जातो, त्यात पलटी मारायला जास्त वेळ लागतो. कॉम्प्युटरसाठी तो यूपीएसवर हवा. सेलूला नॉर्मलवरच होता. मशीन ट्रेनिंग करत असताना असा झटका बसला तर पोराने बटण दाबल्यासारखंच झालं; बोर्डाला माणूस आणि महावितरण ह्यांतला फरक कळत नाही.

ह्यातलं काहीच नसेल, दोन मिनिटं थांबूनही मशीन चालू होत नसेल किंवा चालू होऊन निळा स्क्रीन येत असेल, तर मात्र तुमच्या पट्ट्यांना किंवा प्रोसेसरला तो स्पीड खरंच झेपत नाही. ६००० च्या जोडीला ५८०० किंवा ५६०० वर आणा, बाकी प्रोफाइल तसंच ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यात शांत होतं. व्होल्टेज वाढवून चढवायच्या फंदात नवख्याने पडू नये. एएम५ वर तर एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, १.३ च्या वर नेऊच नका. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोसमधूनच ती मर्यादा घातली, आणि जुनं बायोस टाकून द्यायचं तेही एक कारण आहे. मशीन अजिबातच उठेना झालं तर वायर काढा, बोर्डावर सीएमओएस क्लियर लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

चढवल्यावर तपासणी न करता काम सुरू करू नका. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. एकसुद्धा चूक चालत नाही. "एकच एरर आली, चालतंय की" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची पुढे एक्स्पोर्ट केलेली फाइल मधेच फाटते, झिप उघडत नाही, आणि तो हार्ड डिस्कला शिव्या घालतो. विंडोज टाकतानाही रॅम सावध स्पीडवरच ठेवा. डळमळीत रॅमवर टाकलेलं विंडोज आतून सडकं निघू शकतं आणि मग रॅम दुरुस्त केली तरी त्रास जात नाही.

आणि चाचणी कुठल्या ऋतूत घेतली ते लक्षात ठेवा. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आपण कौतुकाने म्हणतो, पण डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरवणारं हेच गाव मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस दाखवतं. हिवाळ्यात स्वच्छ निघालेली रॅम उन्हाळ्यात दुपारी तीनला चुका करते. डीडीआर-५ पट्टीला स्वतःचा तापमान मोजणारा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरमध्ये तो वाचता येतो. साध्या स्पीडवर चिपा ८५ अंशांपर्यंत निभावतात, पण चढवलेल्या स्पीडला त्याच्या बऱ्याच आधी घाम फुटतो. कॅबिनेटच्या पुढे एक पंखा जास्त लावा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि वर पत्रे असतील तर चाचणी भर दुपारीच घ्या.

ह्या सगळ्या धावपळीने मिळतं काय, हेही सांगतो, म्हणजे उगाच जीव टांगणीला लागणार नाही. ४८०० वर दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ७६.८ जीबी वाहून नेऊ शकतात, ६००० वर ९६. डेटाची वाट बघायचा वेळ (सीएल म्हणजे त्यासाठी थांबायचे ठोके) ४८०० सीएल४० ला साधारण १६.७ नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ ला १२. कागदावर पुष्कळ आहे. टॅली, एक्सेल, फोटो धुणं ह्यांत तुम्हाला काहीही जाणवणार नाही. ग्राफिक्स कार्ड न घालता प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला खूप जाणवेल. सेलूच्या भाऊंना व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये थोडासा फरक पडतो. त्यांनी टास्क मॅनेजर उघडलं नसतं तर त्यांना हे कधी कळलंही नसतं. पण पैसे ६००० चे दिलेत तर ६००० दिसायला पाहिजेत, ह्यावर माझं त्यांच्याशी भांडण नाही.

निघताना कॅबिनेटवर चिकटवायला पोराकडून एक कागद लिहून घेतला: स्क्रीन काळा दिसला तरी दोन मिनिटं बटणाला हात लावायचा नाही. त्याने खाली आपल्या मनाने "मालकांनी पण" असं जोडलं. भाऊंना वेगळं सांगून ठेवलंय की मे महिन्यात दुपारी निळा स्क्रीन आला तर बायोसमध्ये जाऊन ५६०० करायचं, जून लागला की परत ६०००, आणि ह्यासाठी मला फोन करायचा नाही.